आईच्या हुलग्याचं मिसळ बी: रंग वेगळे करू की तसंच पेरू?

माळरान_७ चा प्रश्न

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, शेवटपर्यंत वाचा.

आमच्या घरात हुलगा (तुमच्यातले काही कुळीथ म्हणतील) पिढ्यान् पिढ्या घरच्याच बियाण्यावर चालत आलाय. विकतचं बी कधी आणलं नाही. सगळं आई बघायची. ती गेली मागच्या वर्षी, आणि आता सगळं बी म्हणजे एका डब्यात जेमतेम दीड किलो उरलंय. काल डबा उघडला तर वरच्या थरात बारीक पीठ पडलेलं आणि चार-पाच भुंगे फिरताना दिसले, पोटात गोळाच आला. ताटात ओतून बघितलं तर बऱ्याच दाण्यांवर पांढरे बारीक ठिपके चिकटलेत, नखाने खरवडले तरी पटकन निघत नाहीत. काही दाण्यांना गोल भोक आहे.

दुसरी गोष्ट, दाणा एका रंगाचा नाहीये. जास्त करून विटकरी, थोडा काळा, आणि थोडा करडा ठिपक्यांचा. शेजारचे म्हणतात भेसळ आहे, एक रंग निवड आणि तेवढाच पेर. आईने कधी वेगळे केलेले मला आठवत नाहीत, ती सुपात पाखडताना फक्त पोचट आणि फुटके काढायची.

तर प्रश्न दोन. भुंगा लागलेलं हे बी वाचवायचं कसं? आणि रंग वेगळे करू का? हे बी गेलं तर परत कुठून आणू मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारून मगच हात लावतो.

काळीमाती

दादा, आधी भुंग्याचं बघा, रंगाचं नंतर.

ते पांढरे ठिपके म्हणजे भुंग्याची अंडी. अळी अंड्याखालूनच थेट दाण्यात शिरते, आत पोखरत मोठी होते आणि गोल झाकण उघडून भुंगा बाहेर येतो. म्हणजे भोक दिसलं तेव्हा त्या दाण्यातलं काम संपलेलं असतं, आणि ज्याला भोक नाही पण ठिपका आहे तो दाणा आतून चालू असू शकतो. गरम हवेत महिनाभरात पुढची पिढी तयार. आणि लोकांच्या लक्षात येत नाही पण ही कीड पुष्कळदा रानातूनच येते, शेंग वाळत आली की मादी शेंगेवर अंडी घालून जाते, म्हणजे डबा कितीही स्वच्छ असला तरी बी डब्यात जातानाच कीड बरोबर गेलेली असते.

म्हणून आजच भोकाचे आणि ठिपक्याचे दाणे बाजूला करा, वेळ लागेल पण दीड किलोच आहे. उरलेलं उन्हात पातळ पसरून वाळवा, दाणा दाताखाली धरला तर कट्कन फुटला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे. मग सावलीत पूर्ण गार करा, गरम दाणा डब्यात घातलात तर झाकणाला घाम येतो. डबा गळ्यापर्यंत भरेल असा लहान घ्या, दाण्यांत आणि वरच्या रिकाम्या जागेत चाळलेली कोरडी राख भरा आणि झाकण हवाबंद करा. राख दाण्यांमधल्या फटी भरते, भुंग्याला फिरता येत नाही आणि त्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडला जाऊन तो सुकून मरतो. हवा बंद असली की आतला प्राणवायू किडाच वापरून संपवतो. फक्त कडुनिंबाचा पाला टाकून भागत नाही, माझं दोनदा बी गेलंय त्या भरवशावर.

वेलीचं_बी

रंगाबद्दल मी बोलते. कृपया एक रंग निवडू नका.

हुलग्याचं फूल उघडायच्या आधीच आतल्या आत परागीभवन झालेलं असतं, त्यामुळे काळ्याचं काळं आणि विटकरीचं विटकरीच बहुतेक पुढे चालतं. म्हणजे तुमच्या डब्यात एक वाण बिघडलेला नाहीये, तीन (आणि रंग एक पण स्वभाव वेगळा असे कदाचित अजून बरेच) वाण एकमेकांसोबत वर्षानुवर्षं नांदतायत. एखाद्या साली पाऊस लवकर गेला तर लवकर येणारा पदरात पडतो, लांबला तर उशिराचा भरतो. शेजारी जिला भेसळ म्हणतायत ती तुमच्या आईने राखलेली गोष्ट आहे.

पण मिसळ नुसती पेरत राहिली की आपोआप टिकते असंही नाही, इथे बरेच जण फसतात. हुलगा एकदम पिकत नाही, खालच्या शेंगा वाळलेल्या आणि वर अजून फुलं. तुम्ही दरवर्षी पहिल्या तोडणीतलंच बी ठेवलंत तर चार-पाच वर्षांत उशिराचे प्रकार नकळत निघून जातात. सगळ्यात शेवटचं खळ्यातलं उरलंसुरलं ठेवलंत तर उलटं होतं, लवकरच्या शेंगा तोवर रानातच तडकून सांडलेल्या असतात. बी खळ्यात निवडायचं नसतं, उभ्या पिकात निवडायचं असतं. निरोगी झाडांना दोरा बांधा, निदान शंभरेक झाडं धरा, प्रत्येक तोडणीतलं मूठ-मूठ घ्या. पान पिवळं-हिरवं चितकबरं झालंय अशा झाडाचं घेऊ नका. आणि मोठा टपोरा दाणाच हवा हा हट्ट सोडा, बारीक दाण्याचं झाडच कधी कधी कोरड्यात तग धरतं.

तूर असती तर वेगळं सांगितलं असतं, तिथे मधमाश्या परागकण नेतात, लांब अंतर ठेवावं लागतं. हुलग्यात ती भीती फार नाही.

बांधावरचा

वेलीचं_बी यांच्याशी सहमत, एक भर घालतो. मिसळ पेराच, पण प्रत्येक रंगाचे दोन-दोनशे दाणे वेगळ्या पुडीत काढून ठेवा, वर साल लिहा. एखादा रंग कमी होत गेला तर पुढच्या पेरणीत त्यातलं घालून बरोबरी करता येते. पुडी दोन-तीन वर्षांनी पेरून ताजी करायची, नुसती साठवली तर उगवण घटत जाते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, यंदाच दोन घरी बी द्या. मोठमोठ्या संस्थासुद्धा हेच करतात. सिरियात अलेप्पोजवळ इकार्डा या संस्थेची बियाणे बँक होती, मसूर, हरभरा, लाख असल्या पिकांचे जुने वाण तिथे. युद्धामुळे तिथलं काम करता येईना, पण त्यांनी आधीच प्रती नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बर्फातल्या तिजोरीत (जगभरचं बी तिथे जपतात) ठेवलेल्या, त्या २०१५ मध्ये परत मागवल्या, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवल्या आणि २०१७ पासून पुन्हा तिजोरीत भरायला लागले. आपली तिजोरी म्हणजे शेजारचं रान. २०१६ मध्ये एक अभ्यास आला होता, आफ्रिकेतले पाच देश आणि हैती, तिथल्या लहान शेतकऱ्यांचं सुमारे ९० टक्के बी घरचं, शेजाऱ्याचं किंवा गावच्या बाजारातलं होतं. म्हणजे जगात बी असंच हातोहात चालतं. ज्याला द्याल त्याला एवढंच सांगा की पीक आलं की तेवढंच परत कर आणि तिसऱ्यालाही दे.

माळरान_७

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस बसून वेचलं. एक किलोच्या वर चांगलं निघालं, वाळवून राखेत बंद केलंय. काळ्याची पुडी करताना दोनशे दाणेसुद्धा पुरे झाले नाहीत, एकशे बहात्तर भरले. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

उगवण तपासली, ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा रांगा लावून गुंडाळून ठेवलं. सातव्या दिवशी १०० पैकी ६१ उगवले, २५ कुजले, आणि १४ दाणे जसेच्या तसे, खड्यासारखे, फुगलेसुद्धा नाहीत. हे मेलेले धरायचे का?

वेलीचं_बी

नाही नाही, टाकू नका! ते गणंग आहेत. त्यांचं टरफल पाणी आत घेत नाही, आतला जीव बहुतेक शाबूत असतो. बारीक पॉलिश पेपरवर दोन-तीनदा हलकं घासा, डोळ्याची (दाणा शेंगेला चिकटलेला असतो ती) बाजू सोडून, आणि परत ओल्या गोणपाटात ठेवा. उगवले तर तुमची खरी उगवण पंचाहत्तरच्या जवळ. पेरताना बी थोडं दाट टाका. त्या चौदात काळे किती आहेत तेवढं बघून सांगाल का?

माळरान_७

आत्ताच मोजले. नऊ काळे आहेत. घासून ठेवतो आणि चार दिवसांनी लिहितो.