मदत हवी आहे: आईचं तोंड आलंय, पेजही गिळत नाही

गुहागरवाला: आईचं तोंड आतून सोलून निघालंय. पेजसुद्धा गिळवत नाही. काय लावू? लवकर सांगा, डॉक्टर मुंबईला आहेत.

दर्यासारंग: किमो की रेडिएशन? कसला कॅन्सर? मिशरी लावतात का?

गुहागरवाला: मिशरी कधीच सुटली. स्तनाचा. किमो मागच्या आठवड्यात झाली. लावायचं काय ते सांगा ना.

माडाखाली: हळद-मध. आमच्या सासऱ्यांना त्यानेच उतार पडला. वर गार सोलकढी.

नर्सताई_चिपळूण: सोलकढी अजिबात नको! आंबट, मिरची, लसूण, सगळं झोंबणार. अल्कोहोलवाला माउथवॉशही नको. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा नि त्याच्या निम्मं मीठ घालून चुळा भरायला सांगा, गिळायचं नाही. खाल्ल्यावर आणि मधेमधेही. ब्रश अगदी मऊ. कवळी असेल तर रात्री काढून ठेवा. किमोनंतर आठवडाभरात तोंड येतं, त्याच सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशीही उतरतात, संसर्ग पटकन होतो. म्हणून विचारते, जिभेवर दह्यासारखा थर आहे? ताप?

माडाखाली: मध काय विष आहे?

नर्सताई_चिपळूण: विष नाही, पण पेशी उतरलेल्या असताना रानातला कच्चा मध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

कोळथरेकर: रेडिएशनआधी दात दाखवून घ्या. नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.

दर्यासारंग: अहो, ते तोंडा-घशाच्या रेडिएशनला. इथे किमो चाललीय.

रत्नांग्रीकर: उपचारासाठी जाताना रेल्वेत कॅन्सर पेशंटला तिकिटात सवलत असते, विसरू नका.

गुहागरवाला: तिकिटाचं कोणी विचारलंय? ताई, थर आहे. पुसला की खाली लालभडक. अंग कालपासून गरम लागतंय, मोजलं नाही.

नर्सताई_चिपळूण: थर बुरशीचा असू शकतो, त्याचं औषध डॉक्टर देतील. आधी थर्मामीटर लावा. १००.४ किंवा वर असेल तर तापाची गोळी देऊन घरी थांबू नका. किमोत ताप आला की लगेच इस्पितळ.

गुहागरवाला: १०१. मुंबईला पोचेपर्यंत सकाळ होईल.

नर्सताई_चिपळूण: मुंबईची वाट नको. जवळचं मोठं इस्पितळ गाठा. फाइल घ्या, किमो कधी झाली ते गेल्या गेल्या सांगा. मुंबईच्या डॉक्टरांना वाटेतून फोन करा.

माडाखाली: गाडी आहे का? शृंगारतळीत माझा भाचा गाडी चालवतो. व्यनि (खासगी निरोप) बघा, नंबर टाकलाय.