सिझर लिफ्ट टेबलचा प्रकल्प: आधी थ्री-डी मॉडेल की आधी गरजांची यादी?

प्रश्न | अंतिम_वर्ष_यंत्र

आम्ही चौघे यंत्र अभियांत्रिकीचे अंतिम वर्षाचे विद्यार्थी बॅटरीवर चालणारे सिझर लिफ्ट टेबल (कात्रीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या भुजांवर मंच वर-खाली करणारे टेबल) तयार करण्याचा प्रकल्प हाती घेत आहोत. 100 किलोग्रॅमचा भार 600 मिलिमीटर वर उचलता यावा, एवढे ठरले आहे. खालच्या बाजूला आडवा लीड स्क्रू (फिरवला की त्यावरचा नट पुढे-मागे सरकवणारा आट्यांचा लांब दांडा) बसवून तो मोटारीने फिरवायचा, असा विचार आहे. आमच्यापैकी दोघांचे म्हणणे असे की, ताबडतोब थ्री-डी मॉडेल करायला घ्यावे, म्हणजे अडचणी आपोआप दिसू लागतील; तर उरलेल्या दोघांच्या मते गरजा लिहून काढल्याशिवाय आणि आकडेमोड झाल्याशिवाय मॉडेलला हात लावू नये. गाइडनी दोन्ही सत्रांचे वेळापत्रक मागितले आहे. परंतु जे काम कधी केलेलेच नाही त्याला किती आठवडे लागतील, हे कशाच्या आधारावर लिहावे? कामाची वाटणी कशी करावी आणि रचनेतले बदल कोणत्या टप्प्यावर थांबवावेत, याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

उत्तर | यंत्ररचना

दोन्ही बाजूंचे थोडे थोडे बरोबर आहे. मात्र माझ्या मते प्रकल्पातली सर्वांत अनिश्चित गोष्ट कोणती, हे आधी ओळखावे आणि कामाची सुरुवात तिथून करावी. तुमच्या बाबतीत ती गोष्ट पहिल्या क्षणी लागणारे बल ही आहे.

खाली आडवा स्क्रू असलेल्या एकपदरी (भुजांची एकच कात्री असलेल्या) सिझर लिफ्टमध्ये घर्षण सोडून दिले, तर स्क्रूवर येणारे बल म्हणजे भार भागिले भुजेच्या आडव्याशी असलेल्या कोनाचा टॅन्जंट. 100 किलोग्रॅमचा भार म्हणजे सुमारे 981 न्यूटन. भुजा 45 अंशांवर असताना स्क्रूवरही 981 न्यूटनच येतात; परंतु टेबल खाली बसलेले असून भुजा 10 अंशांवर असेल, तर तेच बल साधारण 5,560 न्यूटन होते. 10 ते 45 अंशांच्या प्रवासात 600 मिलिमीटर उंची मिळवायची तर भुजेची लांबी 1.12 मीटरच्या आसपास येते आणि त्या संपूर्ण प्रवासातले सरासरी बल सुमारे 1,880 न्यूटन असते. म्हणजे एकूण काम भागिले एकूण वेळ असा सरासरी हिशेब करून जो मोटार निवडेल, त्याची मोटार सुरुवातीलाच अडकेल, कारण तिथे सरासरीच्या जवळजवळ तिप्पट बल लागते. यात मंचाचे आणि भुजांचे स्वतःचे वजन अजून धरलेलेच नाही.

आता गरजांच्या यादीचे महत्त्व इथे लक्षात येईल. तुम्ही भार आणि उंची लिहिली आहे, पण टेबल पूर्ण खाली असताना त्याची उंची किती असावी, हे लिहिलेले नाही. सुरुवातीचा कोन 10 ऐवजी 15 अंश ठेवला, तर तेवढ्याच लांबीच्या भुजेला बंद अवस्थेतली उंची साधारण 100 मिलिमीटरने वाढते, परंतु बल सुमारे 3,660 न्यूटनांवर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने खाली येते. ही देवाणघेवाण परवडते की नाही, हे टेबल वापरणारी व्यक्तीच सांगू शकते. म्हणून प्रत्येक गरज मोजता येईल अशा शब्दांत लिहा. "टेबल स्थिर असावे" या वाक्याची चाचणी घेता येत नाही. "भार मध्यापासून अमुक मिलिमीटर बाजूला ठेवला असता मंचाची कड अमुक मिलिमीटरपेक्षा अधिक झुकू नये" याची घेता येते.

मॉडेल त्यानंतर करा. कागदावरची एक रेखाकृती आणि ही आकडेमोड एका बैठकीत होण्यासारखी आहे.

उत्तर | कार्यशाळेचा_अनुभव

वेळापत्रकाबद्दल लिहितो. काम कधी केलेले नसले, तरी त्याचे तुकडे पाडता येतात, आणि तुकडा पुरेसा लहान झाला की त्याचा अंदाज बांधता येतो. "फॅब्रिकेशन" एवढेच लिहिले तर काहीच कळत नाही. पट्ट्या कापणे, भोके पाडणे, बुश (पिनभोवतीची नळी) बसवणे, चौकट वेल्ड करणे असे लिहिले की वर्कशॉपमधल्या माणसाला प्रत्येकाचा वेळ विचारता येतो. मग कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, याच्या रेषा ओढा आणि त्यांतली सर्वांत लांब साखळी शोधा. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात ड्यूपॉन्ट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी विकसित केलेली क्रिटिकल पाथ पद्धत मुळात हीच आहे. तुमच्या प्रकल्पात ही साखळी बहुधा मोटार आणि लीड स्क्रू यांच्या खरेदीतून जाईल, म्हणून त्यांची निवड लवकर व्हायला हवी, आणि चाचणीचे आठवडे शेवटी उरलेल्या वेळेवर न सोडता आधीच राखून ठेवायला हवेत.

वाटणी भागांनुसार करायला हरकत नाही, मात्र दोन भाग जिथे भेटतात तिथली मापे, एकके आणि टॉलरन्स (मापात चालू शकणारी तफावत) एका सामाईक कागदावर असावीत आणि तो कागद सांभाळण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीवर असावी. 1999 साली नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर नष्ट झाले, ते एका गटाचे सॉफ्टवेअर पाउंड-बल-सेकंदांत आकडे देत होते आणि दुसरा गट ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होता म्हणून.

प्रश्नकर्ता | अंतिम_वर्ष_यंत्र

मनःपूर्वक आभार. बंद उंचीचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही चर्चेत नव्हता. एक शंका आहे: स्क्रू आपोआप मागे फिरून टेबल खाली येऊ नये यासाठी वेगळा ब्रेक लागेल का? आणि बदल थांबवण्याबद्दल काय करावे?

उत्तर | यंत्ररचना

सिंगल-स्टार्ट, म्हणजे एकच सलग धार असलेला, ट्रॅपेझॉइडल (समलंब छेदाचा) आटा घेतला, तर घर्षणामुळे तो बहुधा स्वतःच अडून राहतो. परंतु अशा स्क्रूची कार्यक्षमता 50 टक्क्यांहून कमी असते, म्हणजे उपयोगी कामाच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मोटारीला द्यावी लागते. बॅटरीचा हिशेब त्यानुसार करा. कंपनांमुळे अडलेला स्क्रूही हळूहळू सरकू शकतो, म्हणून टेबलाखाली हात घालण्याची वेळ येणार असेल तर एक यांत्रिक आधार-खुंटी अवश्य ठेवा.

बदल पूर्ण थांबवता येत नाहीत आणि थांबवूही नयेत, मात्र साहित्याची मागणी नोंदवल्यानंतर होणारा प्रत्येक बदल पुन्हा आकडेमोडीतून गेला पाहिजे. या बाबतीत मी फार आग्रही आहे, आणि त्याचे कारण अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलची दुर्घटना आहे. तिथे एकाखाली एक असलेले दोन पादचारी पूल छतापासून लोंबणाऱ्या सलग सळयांवर टांगायचे ठरले होते. जोडणी सोपी व्हावी म्हणून सलग सळईऐवजी दोन सळया वापरण्याचा बदल झाला: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. ड्रॉईंगवर हा बदल किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात वरच्या पुलाच्या तुळईखालील नटावर आता दोन्ही पुलांचा, म्हणजे दुप्पट भार आला. मूळ रचनाही नियमांपेक्षा कमकुवतच होती. 17 जुलै 1981 रोजी दोन्ही पूल कोसळले आणि 114 माणसे दगावली. तुमच्या टेबलात पिनचा व्यास, भोकाची जागा किंवा वेल्डची लांबी बदलली, तर बदल, त्याचे कारण, नवा हिशेब आणि तो तपासणाऱ्याची सही एका वहीत नोंदवा. तपासणारा हा बदल सुचवणाऱ्याहून वेगळा असावा.

उत्तर | चाचणी_आणि_मापन

चाचणीविषयी थोडे सांगतो. पूर्ण भार लावण्याआधी रिकामे टेबल, मग अर्धा भार, मग पूर्ण भार अशा क्रमाने चालवा आणि दर 50 मिलिमीटर उंचीला मोटारीचा विद्युत्प्रवाह नोंदवा. वर दिलेल्या सूत्रानुसार तो सुरुवातीला सर्वाधिक असून उंचीबरोबर घटत गेला पाहिजे. मधेच कुठे तो वाढला, तर मोटारीला दोष देण्यापूर्वी भुजांची टोके ज्यांवर सरकतात त्या रोलरचा मार्ग समांतर आहे का आणि पिना एका रेषेत आहेत का, हे तपासा.