मुलाच्या शिक्षकांशी ओळख कशी वाढवावी?

चौथीतल्या मुलाची आई:
मुलाची शाळा या वर्षी बदलली. वर्गशिक्षिकांचं नाव माहीत आहे, चेहरा माहीत आहे, त्यापलीकडे काही नाही. पालकसभेला रांग असते. गुणपत्रिकेवर सही करायची, "हुशार आहे, पण बोलतो फार" एवढं ऐकायचं आणि मागच्यांना जागा करून द्यायची. दिवसातला एवढा वेळ तो ज्यांच्याजवळ असतो, ती माणसं मला कळायला हवीत असं मनापासून वाटतं. पण सारखं शाळेत गेलं तर लुडबुड वाटेल का? तुम्ही कशी ओळख वाढवली?

दोन मुलींचा बाबा:
शाळेला मदत लागते तेव्हा नाव द्या. क्रीडादिनाच्या आदल्या दिवशी मी मैदानावर फक्की मारायला गेलो होतो. खेळाच्या सरांशी तेव्हा जेवढं बोलणं झालं तेवढं पालकसभेत कधीच झालं नव्हतं.

निवृत्त बाई:
ताई, लुडबुड अजिबात वाटत नाही. माझी सगळी नोकरी प्राथमिकच्या वर्गांवर झाली, म्हणून सांगते. वेळ तेवढी सांभाळा. शाळा भरताना बाईंना गाठू नका. हजेरी, एखादं रडणारं पोर, कुणाचा हरवलेला डबा, सगळं तेव्हाच अंगावर आलेलं असतं. वहीत दोन ओळी लिहून वेळ मागा आणि कशाबद्दल बोलायचंय तेही लिहा, म्हणजे बाई त्याच्या वह्या आधी चाळून ठेवतील.

भेटल्यावर "अभ्यासात कसा आहे?" नको. ते गुणपत्रिकेत आहेच. मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतो, अडलं तर विचारतो का, गटात काम दिलं की पुढे होतो की मागे राहतो, हे विचारा. आणि घरचंही सांगा. माझ्या वर्गातली एक मुलगी फळ्यावरचं उतरवताना सारखी चुकायची, पुस्तकातलं मात्र अचूक लिहायची. मला वाटायचं लक्ष नसतं. तिची आई भेटायला आली, बोलता बोलता म्हणाली, घरी टीव्हीला अगदी खेटून बसते. तेव्हा कुठे उलगडा झाला. डोळे तपासले, चष्मा लागला.

चित्रकलेच्या, खेळाच्या शिक्षकांनाही भेटा. गणिताच्या तासाला मान खाली घालून बसणारं मूल त्यांच्या तासाला वेगळंच असतं. एक कळकळीची विनंती, तक्रार असेल तर आधी बाईंशी बोला, मग मुख्याध्यापकांकडे जा. थेट वर गेलं की बाई पुढे तोलूनमापून बोलायला लागतात आणि तुम्हाला खरं काही कळत नाही.

रात्रपाळीवाला:
बाईंचं पटलं. पण आमच्यासारख्यांना शाळेच्या वेळेत जमत नाही. मी वहीतच लिहितो, आणि फक्त अडचणी लिहीत नाही. पाण्याची वाफ होऊन ढग कसे बनतात हे मुलीनं मला समजावलं, ते सरांना कळवलं. तेव्हापासून सरही तिच्याबद्दल आपणहून दोन ओळी लिहितात.

चौथीतल्या मुलाची आई:
सगळ्यांचे आभार. उद्याच वहीत लिहिते. बाई, भेटीला मुलाला बरोबर न्यावं का?

निवृत्त बाई:
न्या, पण सुरुवातीला त्याला बाहेर बसू द्या. त्याच्यादेखत त्याच्या उणिवा मोजायच्या नाहीत. नंतर आत बोलवा आणि काय ठरलं ते बाईंनाच त्याला सांगू द्या.