मदत हवी आहे: नाताळच्या भेटी, ज्यांतून चांगल्या कामाला पैसे जातील

ऋजुता_क: नाताळ तोंडावर आलाय आणि माझं काहीच ठरत नाहीये. यंदा सगळ्यांना अशाच भेटी द्यायच्यात ज्यांचे पैसे एखाद्या सेवाभावी कामाला जातील. नेटवर शोधून डोकं भणभणलं. कुणी घेतलंय का असं काही? प्लीज लवकर सांगा.

सदानंद: सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला? लहान मुलं आहेत? हातात वस्तू हवी की नुसतं प्रमाणपत्र चालेल?

माळरान: युनिसेफची शुभेच्छाकार्डं! त्यांचं पहिलं कार्ड १९४९ सालचं. युद्धानंतर मदत मिळालेल्या चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या मुलीने आभार म्हणून चित्र काढलं, तेही काचेवर, कारण कागद नव्हता. मला ही गोष्ट फार आवडते.

सदानंद: गोष्ट छान आहे, पण त्यांनी भेट विचारलीय, कार्ड नव्हे. आणि कुठल्याही संस्थेचं कार्ड घेताना किमतीतला किती भाग संस्थेला जातो ते मागे छापलंय का बघा.

नंदिनी: ज्याला भेट द्यायची त्याच्या नावाने एखाद्या गरजू कुटुंबाला शेळी द्या. हायफर इंटरनॅशनल ही संस्था १९४४ पासून हे काम करतेय. ज्या कुटुंबाला जनावर मिळतं, ते त्याचं मादी पिल्लू पुढे दुसऱ्या गरजू कुटुंबाला देतं. एक भेट अशी पुढे जात राहते.

सदानंद: शेळी घेण्याआधी पानाच्या तळाची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच संस्था तिथे लिहितात की शेळी प्रतीकात्मक आहे, पैसे गरज असेल तिथे वापरू.

नंदिनी: मग त्यात वाईट काय? यंदा लशीची गरज जास्त असेल तर पैसे लशीलाच जावेत. संस्थेचे हात बांधून दान कशाला करायचं?

सदानंद: वाईट काहीच नाही. फक्त देताना 'तुझ्या नावाने शेळी गेली' असं सांगू नये, एवढंच.

केदार७: करसवलत हवी असेल तर लक्षात ठेवा, पावती सहसा पैसे भरणाऱ्याच्या नावाने निघते. संस्थेची नोंदणी तपासा, पावती जपून ठेवा.

ऋजुता_क: करसवलतीचं मी विचारलंच नव्हतं. सासूबाई, आठ वर्षांचा भाचा आणि ऑफिसातल्या चौघी आहेत. सासूबाईंच्या नावाने मागे देणगी दिली होती, तर त्या म्हणाल्या, "मग मला काय?"

नंदिनी: अहो, हे आधी सांगायचं ना!

गौरीची_आई: भाच्यासाठी डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेकडून प्राणी 'दत्तक' घ्या, म्हणजे त्याच्या नावाने देणगी द्या. प्रमाणपत्रासोबत मऊ खेळणं मिळतं. आमच्या लेकीला हिमबिबट्या दिला होता. शेपटीला धरून घरभर फिरवायची. महिनाभरात तो कुठे राहतो, काय खातो, सगळं पाठ. मुलाच्या हातात काहीतरी हवंच.

माळरान: सासूबाईंना कारागिरांच्या सहकारी संस्थेची, फेअर ट्रेडची हातमागाची शाल द्या. वस्तू हातात येते आणि विणणाऱ्याला रास्त मोबदला मिळतो.

सदानंद: याला अनुमोदन. ऑफिससाठी किवाची भेटकार्डं बघा. किवा ही गरजूंना छोटी कर्जं मिळवून देणारी संस्था, २००५ पासून आहे. जिला कार्ड मिळतं ती स्वतः ठरवते कुणाला छोटं कर्ज द्यायचं, आणि परतफेड झाली की तेच पैसे पुन्हा दुसऱ्याला देता येतात. तुम्ही निवडलेलं काम त्यांच्या गळ्यात मारण्यापेक्षा हे बरं.

केदार७: प्रॉडक्ट रेडच्या वस्तूही आहेत, म्हणजे या नावाने मोठ्या कंपन्या विकतात ते फोन वगैरे. २००६ पासून चालू, पैसे एड्स, क्षय, मलेरियावर काम करणाऱ्या ग्लोबल फंडाला जातात.

नंदिनी: त्यातही किमतीचा काही भागच जातो. वस्तू हवीच असेल तर घ्या. फक्त दानासाठी नवा फोन नको.

अबोली२: वस्तू हव्यातच कशाला? वृद्धाश्रमात एक दिवस घालवा सगळ्यांनी मिळून.

ऋजुता_क: अबोली, चौघींच्या रजा एका दिवशी जुळणं अशक्य. शाल आणि किवा ठरलं. हिमबिबट्या वेळेत नाही पोचला तर?

गौरीची_आई: प्रमाणपत्र ईमेलने मिळेल का ते मागवतानाच विचारा. मिळालं तर छापून पाकिटात घाला, खेळणं मागून येऊ दे.