आरोग्यावरची जाहीर व्याख्यानं पुरेत, आता सेमिनारची दारं उघडा

खिंडीपलीकडचा (धागाकर्ता)

पुणे विद्यापीठाच्या आवारातच एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची संस्था. पाषाणला आयसर आणि एनसीएल या विज्ञानसंस्था. शिवाय विषाणूंची एनआयव्ही, आगरकर संशोधन संस्था, भोसरीची आयसीएमआरची एड्स संशोधन संस्था, बीजे आणि एएफएमसी ही वैद्यकीय महाविद्यालयं. रोग आणि पेशी यांवर डोकं खपवणारी एवढी माणसं एका शहरात असून पुणेकराच्या वाट्याला काय येतं? 'दिन'. २४ मार्चला क्षयरोग, १ डिसेंबरला एड्स, २८ फेब्रुवारीला विज्ञान. त्या दिवशी सभागृह उघडतं, समई पेटते, पाहुण्यांच्या पदव्या वाचून होतात आणि मग चाळीस मिनिटं हात धुवा, पाणी उकळा, पालेभाजी खा, चाला. यातलं एकही वाक्य चूक नाही. पण बोलणाऱ्या बाईंनी उभी हयात मॅक्रोफेज नावाच्या एका पेशीमागे घालवलेली असते आणि त्याबद्दल अवाक्षर नाही! आपल्याला ते झेपणार नाही, हे परस्पर ठरवून टाकलेलं.

याच संस्थांत दुपारी चारला संशोधकांचा आपापसातला सेमिनार असतो. एकदा ओळखीनं मागच्या बाकावर बसायला मिळालं. एका मुलानं औषध दिलेले उंदीर आणि न दिलेले उंदीर यांचा सुबक आलेख दाखवला. पहिल्या रांगेतून आलेखावरच्या उभ्या रेघांबद्दल प्रश्न आला, "हे एरर बार कशाचे? एसडी की एसईएम?" मुलगा म्हणाला, एसईएम. "उंदीर किती?" पाच. "एसडी लाव आणि परत दाखव." एसडी म्हणजे एकेक उंदीर सरासरीपासून किती लांब पडतो याचं माप. एसईएम म्हणजे सरासरी किती पक्की आहे याचं माप, ते एसडीपेक्षा लहानच येतं, आणि त्यामुळे उंदराउंदरांतला फरक नजरेआड होतो. दोन मिनिटांत आलेख लटपटला. कुणी आवाज चढवला नाही, पुढची स्लाइड आली. 'उंदरांवर गुण आला' छापाची बातमी त्यानंतर मला पूर्वीसारखी वाचताच आलेली नाही.

आता जानेवारी २०२५ आठवा. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सगळा सिंहगड रस्ता जीबीएसनं, म्हणजे हातापायांतली ताकद नेणाऱ्या गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजारानं, धास्तावला होता. त्यानंतरच्या एका जाहीर व्याख्यानात एका बाईंनी विचारलं, "पाणी घरातल्या सगळ्यांनी तेच प्यायलं, मग आजारी एकटे हेच का पडले?" वक्ते म्हणाले, "म्हणूनच पाणी उकळून प्या." बाई खाली बसल्या.

त्यांच्या प्रश्नाला उत्तर आहे हो. काही रुग्णांच्या नमुन्यांत सापडलेला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू असा, की त्याच्या अंगावरच्या काही रेणूंची घडण आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंशी मिळतीजुळती असते. शरीर जिवाणूसाठी प्रतिपिंडं तयार करतं आणि ती जाऊन मज्जातंतूंनाच धरतात. मात्र अशी बाधा झालेल्या साधारण हजारात एकालाच हे होतं, आणि त्या एकालाच का, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. बाईंचा प्रश्न सेमिनारचा होता, उत्तर पोस्टरचं मिळालं.

म्हणून मागणी एवढीच: 'दिन' बंद करा, आणि सेमिनारच्या मागच्या दोन रांगा नागरिकांना द्या.

पेठेतली दुसरी गल्ली

+१. फक्त नागरिकांच्या हातात माईक देऊ नका. "प्रश्न असा नाही, थोडं मत मांडतो" म्हणून उठणाऱ्या काकांना मी वसंत व्याख्यानमालेपासून ओळखतो. आता माझंही तेच वय झालंय. (हलकं घ्या.)

पिपेटवाली

सपशेल असहमत, आणि मी त्याच पहिल्या रांगेसमोर उभी राहणारी पीएचडीवाली आहे.

एक तर सेमिनारमध्ये दाखवतो ते काम बहुतेक वेळा अप्रकाशित असतं. दुसऱ्या प्रयोगशाळेनं तेच आधी छापलं की आमची तीन-चार वर्षं पाण्यात. पेटंटचा अर्ज जायच्या आधी चारचौघांत सांगितलं, तर नावीन्यावरच बोट ठेवता येतं. रुग्णांचे नमुने असतील तर अजून पंचाईत: दुर्मिळ आजार, वय, पुण्याचं उपनगर एवढं स्लाइडवर आलं की नाव नसलं तरी शेजारी ओळखतात.

पण खरं कारण वेगळंच आहे. तुम्हाला जो लटपटलेला आलेख आवडला, तो मांडणाऱ्या मुलाला रात्री झोप लागली नसेल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आले. पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये इंग्रजीतून प्रश्न विचारायला जीभ उचलत नव्हती. सगळी तोंडं ओळखीची होती म्हणून हळूहळू धीर आला. मागच्या दोन रांगांत मोबाईल धरून बसलेली अनोळखी माणसं आली, तर मुलं फसलेले प्रयोग दाखवायचं सोडून देतील आणि फक्त सुबक तेवढं मांडतील. म्हणजे तुम्ही जे बघायला येणार, तेच तुमच्या येण्यानं नाहीसं होणार. तालमीला तिकीट लावलं की ती तालीम राहत नाही.

जुना टीसीएल

नावावरून ओळखलं असेलच, आमची सगळी नोकरी टीसीएलमध्ये, म्हणजे ब्लीचिंग पावडरीत गेली. निवृत्त आरोग्य अधिकारी.

धागाकर्त्यांनी 'पाणी उकळा'ची टिंगल केली आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. गावात आम्ही ओटी टेस्ट करायचो. नळाचं पाणी छोट्या नळीत घ्यायचं, ओटीचे (ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे) थेंब टाकायचे, पिवळी झाक आली की क्लोरीन आहे. शेवटच्या घराच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलेला दिसला पाहिजे. विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पडल्यावर अर्धा तास थांबायचं असतं, कारण जंतू मरायला तेवढा वेळ लागतो. पंचायतीचा माणूस टीसीएल ओतायचा आणि लगेच व्हॉल्व्ह सोडायचा. पिवळा रंग दिसायचा, टेस्ट पास, आणि आठवड्यानं गावात जुलाब. 'अर्धा तास का' हे त्याच माणसाला, सरपंचाला, बचत गटाच्या बायकांना सांगत फिरणं हीच आमची नोकरी. तीच ती वाक्यं. मलाही कंटाळा यायचा. पण साथ याच वाक्यांनी आटोक्यात येते, मॅक्रोफेजनं नाही.

आणि एसडी-एसईएम ऐकून तुम्ही शहाणे झालात, आनंद आहे. तुमच्या शेजारी बसलेला माणूस 'औषध खोटं निघालं, आतल्या मीटिंगमध्ये कबूल केलं' एवढंच घेऊन घरी जाईल आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकेल. जीबीएसच्या वेळी चिकन सोडा, पनीर सोडा हे फॉरवर्ड कुणी निस्तरले? सेमिनारवाल्यांनी नाही.

खिंडीपलीकडचा

साहेब, टिंगल पाणी उकळण्याची नाही. संशोधकाला बोलावून त्याच्याकडून तेवढंच वदवून घेण्याची आहे. ते काम तुम्ही त्यांच्यापेक्षा दसपट चांगलं करता, ओटी टेस्टचा परिच्छेदच बघा. आणि त्यातही तुम्ही 'अर्धा तास का' सांगितलंतच की!

लोकांना कारण न सांगता आरोग्य राबवलं की काय होतं, ते याच परिसरात घडलंय. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे जुनं गव्हर्न्मेंट हाउस. २२ जून १८९७ ला तिथला समारंभ आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेगची घरतपासणी शास्त्राच्या नावानं चालली होती, पण घरात घुसणारा सोल्जर कुणाला काही समजावत नव्हता.

जुना टीसीएल

पुण्यात कुठल्याही वादात तिसऱ्या प्रतिसादापर्यंत १८९७ येतंच. बरं, आलंय तर पुरतं आणा. त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई प्लेगनं गेल्या, रुग्णांची सेवा करता करता. त्यांचं नाव आज त्याच विद्यापीठाला आहे. त्यांनी व्याख्यानही दिलं नाही आणि सेमिनारही नाही, माणूस उचलला आणि मुलाच्या दवाखान्यात नेला. माझं म्हणणं त्या बाजूचं आहे.

धायरी फाटा

तुमचं चालू द्या, मी जीबीएसच्या त्या भागात राहते. त्या महिन्यात मला मॅक्रोफेजही नको होता आणि 'उकळा'ही नको होतं, उकळत होतोच, गॅस किती गेला ते मला विचारा. मला पाहिजे होता एक आकडा: आमच्या टाकीच्या पाण्यात आज क्लोरीन किती? तो सांगणारा कुणी भेटला नाही. फोनवर 'पाणी पिण्यायोग्य आहे' एवढंच. आकडा सांगितला तर लोक घाबरतील, असं वाटतं यांना. आकडा न सांगितल्यावर आम्ही जास्त घाबरलो.

त्यामुळे मत धागाकर्त्यांकडे, पण साहेबांनी लिहिलेली ती ओटी टेस्ट कुणी आमच्या सोसायटीत येऊन करून दाखवली तर मी सेमिनार आणि व्याख्यान दोन्ही सोडून तिथे येईन.

पेठेतली दुसरी गल्ली

ताई, हा प्रतिसाद छापून महापालिकेच्या नोटीस बोर्डावर लावा.

संख्याशास्त्रवाला

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतायत, की जाहीर बोलायचं म्हणजे एक तर पाणचट किंवा मग अप्रकाशित. तसं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम बघा. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांपासून १९९३ साली सुरुवात. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. बारीक असूनही आपल्या बाळाच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेनं जास्त. आणि २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, २२.३. अंगातली चरबी इंग्रजाच्या ९.१ टक्के, आपल्या माणसाच्या २१.२ टक्के! एवढ्या एका फोटोत 'मी तर बारीक आहे, मला कसला मधुमेह' हा भ्रम जातो. समीकरण नाही, उपदेशही नाही. सेमिनारला दाखवा, नाहीतर गणपतीच्या मांडवात दाखवा.

दुसरं. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचा धाराशिव) ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. चार गट. एका गटाची एकदाच एचपीव्ही (या कर्करोगामागचा विषाणू) चाचणी, एकाची पॅप स्मिअर म्हणजे पेशींची तपासणी, एकाची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्याला नेहमीची सेवा. या कर्करोगानं चौथ्या गटात ६४ बायका दगावल्या, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. व्हिनेगरच्या पद्धतीनं मृत्यू ठळकपणे घटले नाहीत. पण तमिळनाडूत दिंडीगुलला त्याच पद्धतीनं घटले होते! का? आणि चौथ्या गटाला तपासणी न देणं रास्त होतं का, यावर तर बरीच खडाजंगी झालेली आहे. मराठी मुलखातल्या बायकांनी दिलेली ही माहिती. यावर मराठीत तासभर भांडायला कुणाची परवानगी लागते? सगळं छापून आलेलं आहे.

पिपेटवाली

हे मात्र पटलं. मग सेमिनारचा हट्ट सोडा आणि जर्नल क्लब मागा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दुसऱ्या कुणाचा तरी छापून आलेला पेपर घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याची चिरफाड करायची. कंट्रोल, म्हणजे तुलनेचे गट, कुठे आहेत, गट कसे पाडले, निष्कर्ष आकड्यांच्या पुढे पळतोय का. गुपित काही नाही, रुग्णाची ओळख नाही, आणि झोप उडालीच तर ती लेखकाची, जो तिथे नसतो. आम्ही याच्यात सर्वांत जास्त शिकतो आणि सर्वांत जास्त मोकळेपणानं बोलतो. मराठीतून करायचा तर मी करीन. स्लाइडवरचे आलेख इंग्रजीत राहतील, त्याला इलाज नाही.

खिंडीपलीकडचा

चालेल, धावेल. पण 'दिन' बंद करायची मागणी कायम.

जुना टीसीएल

जर्नल क्लबलाही माझी हरकत आहे, कमी आहे एवढंच. उस्मानाबादचा पेपर फाडलात की बाहेर निघणारं वाक्य असेल 'तपासणीचा उपयोग नाही, मोठ्या अभ्यासात दिसलंय'. जे दिसलं ते बरोबर उलटं आहे: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. फाडा, पण त्या दिवशी कुणीतरी असा माणूस समोर बसवा, जो उठून विचारेल, "मग माझ्या बायकोनं चाचणी करायची की नाही?" आणि त्याला हो-नाहीत उत्तर द्या. 'अजून संशोधनाची गरज आहे' म्हणालात तर मी उठून जाईन.

पिपेटवाली

काका, तो माणूस तुम्हीच व्हा.

जुना टीसीएल

विचार करतो.

धायरी फाटा

आणि वेळ? दुपारी चारला तुमचं प्रयोगशाळेतलं काम संपत असेल, आमचं ऑफिस नाही. ज्यांच्या तपासणीबद्दल बोलणार त्या बायकाच कामावर असणार. रविवारी सकाळी ठेवा, नाहीतर संध्याकाळी सातनंतर. विद्यापीठाच्या गेटवर 'कुणाकडे जायचंय' विचारतात तिथे काय सांगायचं, तेही लिहा.

खिंडीपलीकडचा

रविवारी सकाळी दहा, जागा शोधतोय. आवारात परवानगी मिळाली नाही तर औंधात माझ्या सोसायटीचा हॉल आहे, प्रोजेक्टर आहे, पंखे दोनच आहेत. पिपेटवाली, आधी पेपर वाचायला पाठवा, ज्यांना वाचायचाय ते वाचतील. टीसीएल साहेब, नळी आणि ओटीची बाटली घेऊन या.