मदत हवी आहे : शाकाहारी सासूबाई आणि लायडनचा हुत्स्पॉट

मंडळी, नेदरलँड्समधल्यांनी जरा सांगा. १५७४ मध्ये लायडनचा स्पॅनिश वेढा उठला, म्हणून इथे ३ ऑक्टोबरला घरोघरी हुत्स्पॉट करतात. बटाटा, गाजर, कांदा शिजवून घोटायचा. शिवाय हेरिंग मासा आणि पांढरा पाव. शेजारच्या आजींनी आम्हाला त्या दिवशी जेवायला बोलावलंय. माझं काही नाही, मी हेरिंग कच्च्या कांद्याबरोबर मिटक्या मारत खाते. पण सासूबाई तेव्हा इथे असतील, आणि त्या अंडंसुद्धा खात नाहीत.

हुत्स्पॉटबरोबरचं गोमांस वेगळं शिजवतात की भाज्यांच्याच पातेल्यात? आजींना आधीच विचारलं तर चालेल ना? डच लोक सगळं तोंडावर बोलतात हे खरं, पण पाहुणी म्हणून माझी जीभ रेटत नाही.

आणखी एक. थंडी पडली की सासूबाईंना एर्टनसूप करून घालायचंय. सोललेले हिरवे वाटाणे, लीक, गाजर, सेलेरीचा कंद एवढं ठीक. पण डुकराचं मांस आणि धुरावलेलं सॉसेज वगळून तो धुरकट स्वाद कशाने येईल? जिऱ्याची फोडणी सुचवू नका, ती आमटी रोजच होते!