मदत हवी आहे: रात्रीचे फोन, उधारी आणि ‘तेवढा दाखला द्या’. संबंध न बिघडवता नाही कसं म्हणायचं?

औसारोड: लातूर जिल्ह्यात खाजगी पशुवैद्यकीय प्रॅक्टिस, बारा-पंधरा गावं. रात्री फोन येतो, ‘साहेब, गाय बसलीय, उठंना. इंजेक्शनचं नाव सांगा, पोरगं टोचायलंय.’ उधारीची वही फुगलीय. वर जनावर पुरून झाल्यावर विम्याचा दाखला मागायला येतात, तेही सोयरे. सरसकट नाही म्हटलं तर गाव नोंदणी नसलेल्याकडे जातं. रेघ कुठं ओढावी?

गोठ्यावरचा: रात्रीची रेघ घड्याळावर नको, आजारावर ओढा. पोटफुगी (डावी कूस ढोलासारखी, श्वासाला त्रास), पाणमोट फुटून दोन तास झाले तरी वासरू नाही, मायांग बाहेर, किरळ (कोवळ्या ज्वारीनं होणारी विषबाधा), नुकती व्यालेली गाय बसली: उठून जायचं. लंगडणं, गोचीड, जार (वार) न पडणं: सकाळी. जाराबद्दल फोनवर एवढंच सांगा की ओढू नका, वीट बांधू नका.

आता इंजेक्शनचं नाव. बसलेली गाय म्हणजे कॅल्शियमची बाटली, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण मिल्क फिव्हरमध्ये (व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटतं तो आजार) गाय बसते, कान थंड पडतात, तसंच जहाल कासदाहातही (कासेच्या संसर्गात) होतं. तिथं सड पिळला की पाण्यासारखं दूध येतं, पण रात्री सड पिळून बघतंय कोण? त्या गाईच्या शिरेत 450 मिलीची बाटली गेली तर हृदय बंद पडू शकतं. मिल्क फिव्हर असला तरी बाटली कोमट करून, 10 ते 20 मिनिटं घेऊन, हृदयावर स्टेथोस्कोप ठेवून द्यायची. ठोका चुकला की थांबायचं. पोरगं ती दोन मिनिटांत रिकामी करतं.

हे रात्री फोनवर पटत नाही, दिवसा गोठ्यात उभं राहून सांगावं लागतं. रात्री नावाऐवजी काम द्या: गाईला छातीवर बसती करा, दोन्ही बाजूंनी कडब्याच्या पेंढ्या लावा, तोंडातून काही पाजू नका (गिळता येत नाही, फुफ्फुसात जातं), मी निघालो. मालकाच्या हाताला काम लागलं की नावाचा हट्ट बराचसा सुटतो.

बांधावरची: दाखल्यात सवलत नाहीच. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 च्या कलम 30 प्रमाणे सही नोंदणीकृत पशुवैद्यकाची, म्हणजे गोत्यात येणार तुम्हीच. सोयऱ्यांना आधीच सांगून ठेवा: मेलं की पुरायच्या आधी फोन करा, टॅग कानातच राहू द्या. ‘टॅग नाही तर क्लेम नाही’ हे वाक्य त्यांनाही पाठ असतं. दाखल्यावर टॅगचा 12 अंकी नंबर, तपासल्याची खरी तारीख आणि डोळ्यांनी दिसलं तेवढंच. मढं सडलं असेल तर ‘सडल्यामुळे कारण सांगता येत नाही’ असंच लिहा. मामा रुसले तर रुसू द्या, पोळ्यापर्यंत बोलतील.

उधारीचे दोन भाग करा. औषधाचे पैसे जागेवर, फी दुधाच्या पगाराला. सोयाबीन निघाल्यावर देतो म्हणणाऱ्याची फी थांबू द्या, औषधाचे पैसे नाहीत. औषध तुम्ही रोखीनं आणलेलं असतं.

औसारोड: एक राहिलं. अँटिबायोटिक दिल्यावर दूध डेअरीला घालू नका म्हटलं की लोक भांडायलेत.

गोठ्यावरचा: भांडण होतं कारण ते सुई टोचल्यावर कळतं. आधी लेबल वाचा. दूध किती दिवस बंद ठेवायचं ते लेबलवर नसेल तर नियमानं किमान 7 दिवस. सुई भरण्याआधी हिशोब मांडा: रोजचं आठ लिटर, म्हणजे 56 लिटर जाणार. कमी दिवसांचं औषध त्या आजाराला चालत असेल तर तेही सांगा. मालक हो म्हणाला की बंदीची शेवटची तारीख खडूनं गव्हाणीवर लिहा. चिठ्ठी हरवते, आणि धार काढणारी माणसं तीच नसतात.